'स्टेक'ला मराठीत काय म्हणावं?

अडलेलं गाडं: मॉर्मन या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाच्या इतिहासावरचा एक लेख मराठीत करतोय. 'स्टेक' या शब्दाशी अडलोय. रचना अशी: काही वॉर्ड, म्हणजे स्थानिक मंडळ्या, मिळून एक स्टेक. वॉर्डावर बिशप, स्टेकवर अध्यक्ष. पहिला स्टेक 1834 साली ओहायोतल्या कर्टलंडला. यंत्राला विचारलं तर त्याने 'भागभांडवल' केलं. म्हणजे कर्टलंडला भागभांडवल स्थापन झालं! संपादकबाई म्हणतात, 'विभाग' लिहा आणि मोकळे व्हा. मन मानत नाही, कारण मूळ शब्द तंबूचा आहे. बायबलातल्या यशयाच्या 54व्या अध्यायात तंबू वाढव, दोर लांब कर, मेखा बळकट कर अशा अर्थाचं वचन आहे. सियोन, म्हणजे देवाच्या लोकांची नगरी, हा तंबू आणि लांबलांबच्या वस्त्या म्हणजे त्याला ताणून धरणाऱ्या मेखा. 'विभाग' म्हटलं की तंबू गेलाच.

निर्मळवाणी: मेख फारसी आहे. आपला 'खुंटा' असताना उसनवारी कशाला? 'खुंटा हलवून बळकट करणे' तर तुमच्या वचनाच्या अगदी जवळ जातं.

आडवातिडवा: फारसी नको तर 'जमीन'ही नको. मग खुंटा ठोकणार कशात?

निर्मळवाणी: भुईत.

सुपारीचं खांड: मेखेची अडचण वेगळी आहे. 'खरी मेख इथेच आहे' हे आपण रोज म्हणतो. 'कर्टलंडची मेख' असं छापलंत तर लोकांना वाटेल तिथे काहीतरी काळंबेरं होतं. बाकी मेख म्हटली की मला शाळेचं शिबिर आठवतं. आम्ही मेखा सरळ उभ्या ठोकल्या. रात्री पाऊस आला, माती सुटली आणि तंबू अंगावर. सकाळी सरांनी दाखवलं, डोकं तंबूपासून बाहेर झुकलेलं हवं, तरच दोर तिला उपसत नाही.

आडवातिडवा: आणि 'वॉर्ड' तसाच ठेवणार? 'प्रभाग' करा की.

अडलेलं गाडं: तो खरंच नगरपालिकेचाच आहे. इलिनॉयमधल्या नॉवू शहराच्या वॉर्डांवर एकेक बिशप नेमला, तिथून शब्द चर्चमध्ये आला. पुढे 1847 साली पंथाचे पुढारी ब्रिगहॅम यंग लोकांना घेऊन युटातल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरले आणि 1849 मध्ये त्या शहराचे 19 वॉर्ड पाडले.

सुपारीचं खांड: म्हणजे बिशप हा नगरसेवकच!

अडलेलं गाडं: त्याला पगार नाही. पोटापाण्याचा धंदा सांभाळून करायचं काम.

निर्मळवाणी: मग नगरसेवक नव्हे.

सोसायटीचा सचिव: माझी शंका 'कोरम'ची. त्यांच्याकडे बारा प्रेषितांचा 'कोरम' असतो, 1835पासून. आमच्याकडे कोरम म्हणजे जो कधीच भरत नाही तो. सभा तहकूब, अर्ध्या तासाने त्याच जागी.

अडलेलं गाडं: तिथे कोरम म्हणजे मंडळ, किमान हजेरी नव्हे. 'द्वादश मंडळ' लिहिलंय. पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ 1844 साली कार्थेजच्या तुरुंगात जमावाच्या हातून मारले गेले, तेव्हा वारस कोण यावर तंटा झाला. बहुतेक लोक या बारा जणांच्या मागे गेले. त्यांचे प्रमुख यंग. आता तर अध्यक्ष वारले की सेवेने सर्वांत ज्येष्ठ प्रेषित अध्यक्ष होतो.

सोसायटीचा सचिव: ज्येष्ठता यादी! मंत्रालयात शोभेल.

बखरबहाद्दर: उत्पन्नाचा दहावा हिस्साही देतात ना? सरदेशमुखी म्हणा, तीही दहा टक्केच.

सुपारीचं खांड: सरदेशमुखी वसूल व्हायची हो, घोड्यावर बसून. हे आपणहून देतात. मराठी बायबलात 'दशमांश' आहे, तोच घ्या. जुन्या काळी युटात रोकड नसायची, लोक कोंबड्या, अंडी, गवत आणून द्यायचे.

बखरबहाद्दर: 'आपणहून' यावर वेगळा धागा काढतो. तोवर एक सांगा, 1850च्या दशकात मॉर्मन मिशनरी मुंबई-पुण्यातही आले होते. तेव्हा कुणी मराठी शब्द पाडला असेलच की.

अडलेलं गाडं: तेव्हा इथे स्टेक होण्याइतके लोकच जमले नाहीत. भारतातला पहिला स्टेक 2012 साली हैदराबादला झाला.

आडवातिडवा: मग तेलुगूत काय म्हणतात ते बघा. थांबा, शेजाऱ्याला विचारतो.

आडवातिडवा: 'स्टेकु' म्हणाला.

निर्मळवाणी: उकार लावला की शब्द आपला, असं असेल तर आजपासून 'बसु', 'ट्रेनु'.

नवखी: मी उशिरा आले. मुळात 'मॉर्मन' चालतं का? 2018 साली त्यांच्या अध्यक्षांनीच हे टोपणनाव नको, चर्चचं पूर्ण नाव घ्या असं सांगितलं. त्यांच्या प्रसिद्ध गायकवृंदाच्या नावातूनही तो शब्द काढला.

आडवातिडवा: पूर्ण नाव लिहिलं तर शब्दमर्यादा तिथेच संपेल.

अडलेलं गाडं: लेख गेला. मी 'स्टेक' ठेवून पहिल्यांदा आला तिथे कंसात 'तंबूची मेख' लिहिलं होतं. छापताना बाईंनी 'विभाग' केलं आणि कंस तसाच राहिला. आता 'विभाग (तंबूची मेख)' असं छापून आलंय.

निर्मळवाणी: खुंटा लिहिला असता तर निदान मराठीत चुकलं असतं.

सुपारीचं खांड: खुंटा जनावराचा हो. तंबूची ती खुंटी.

निर्मळवाणी: खुंटी भिंतीला असते.