छोट्या देशांच्या दालनांत आधी जा

'सगळं मोबाईलवर दिसतं, मग प्रदर्शनात पायपीट कशाला?' असं काही जण विचारतात, ते मला पटत नाही. दुबईचा एक्स्पो 2020, म्हणजे जगभरातल्या देशांचं मोठं प्रदर्शन, करोनामुळे लांबून ऑक्टोबर 2021 ते मार्च 2022 असा भरला, तेव्हा आम्ही तिथेच राहत होतो. 192 देश, प्रत्येकाचं स्वतंत्र दालन. मुलं प्रदर्शनाच्या पिवळ्या 'पासपोर्ट'वर, म्हणजे आठवणीच्या वहीत, प्रत्येक दालनाचे शिक्के घ्यायला धावायची. (शिक्का मारून दालन न बघताच निघणारे मोठेही खूप, त्याचं वाईट वाटायचं.)

मला सगळ्यांत भावलं नेदरलँड्सचं दालन. हवेतल्या ओलाव्यातून पाणी काढून उंच शंकूच्या बाहेरच्या अंगाला खाण्याजोगी रोपं आणि आत, अंधाऱ्या गारव्यात, अळंबी वाढवली होती. सासूबाई साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या, टँकरच्या पाण्यावर दिवस काढलेल्या. त्या तिथून हलेनात. "आपल्याकडं हुईल का गं हे?" दुबईची हवा समुद्राकाठची, दमट; माणच्या कोरड्या उन्हाळ्यात एवढं पाणी निघणं अवघड, हे मी त्यांना सांगितलं. तरी तिथल्या स्वयंसेवकाला त्यांनी माझ्याकरवी भरपूर प्रश्न विचारले, आणि त्यानंही मनापासून उत्तरं दिली. मोबाईलवर हे कुठून होणार?

अशा प्रदर्शनांना जाणाऱ्यांनी छोट्या देशांच्या दालनांपासून सुरुवात करावी. तिथे रांग नसते आणि माणसं निवांत बोलतात.