फिल्मचा फोटो नको, डायकॉम फाईल मागा
सीटी स्कॅनच्या फिल्मचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला की दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेता येतं, असं कोणीतरी लिहिलंय. कळकळीने सांगतो, मूळ डायकॉम फाईल्सच (स्कॅनची चित्रं ज्या रूपात साठवतात त्या फाईल्स) मागा. सीटीचा एक काप (शरीराच्या एका पातळ छेदाचं चित्र) साधारण 512 गुणिले 512 पिक्सेलचा, जवळपास अर्ध्या एमबीचा. त्यात करड्या रंगाच्या हजारो छटा असतात, म्हणून त्याच फाईलवर डॉक्टर आधी फुप्फुस बघतात आणि विंडो (म्हणजे त्यातल्या कोणत्या छटा स्क्रीनवर दाखवायच्या ते) बदलून बरगडीतली बारीक चीरही शोधतात. फोटोत फार तर 256 छटा उरतात, विंडो बदलायची सोयच जाते. पेशंटचं नाव, तारीख, कापाची जाडी हेही फाईलच्या आतच असतं (म्हणून ती फॅमिली ग्रुपवर टाकू नका!). डिस्चार्जच्या वेळी सीडी किंवा लिंक आठवणीने घ्या, आणि सीडी लगेच कॉम्प्युटरवर कॉपी करा.