वैद्यकीय विद्यार्थ्यांनी हस्तोपचार कोठे आणि कसे शिकावेत?

प्रश्न: एम.बी.बी.एस. विद्यार्थिनी, दांडिया बाजार, वडोदरा

नमस्कार. मी येथील वैद्यकीय महाविद्यालयात तिसऱ्या वर्षात शिकते. माझा मावसभाऊ अमेरिकेत मिसुरी राज्यात ऑस्टिओपॅथिक वैद्यकाचा, म्हणजे हातांनी तपासणी आणि उपचार करण्यावरही भर देणाऱ्या वैद्यकाचा, अभ्यास करतो. गेल्या उन्हाळ्यात तो घरी आला, तेव्हा आजीची मान दोन दिवसांपासून धरली होती. त्याने आजीला कोणतेही औषध सांगितले नाही आणि तिची मान फिरवलीही नाही. तिच्या मागे बसून, मणक्याच्या दोन्ही बाजूंना बोटे अगदी हलकी टेकवून तो खाली सरकत गेला आणि एका जागी थांबून त्याने विचारले, ‘इथे दुखते ना?’ आजी म्हणाली, ‘अगदी तिथेच.’ मग त्याच जागी त्याने माझी बोटे ठेवली. मला डाव्या आणि उजव्या बाजूत काहीही फरक जाणवला नाही. ते स्नायू मला नावानिशी पाठ आहेत, त्यांचे उगम आणि निवेश मी परीक्षेत लिहिले आहेत. पण बोटांना मात्र काहीच कळले नाही, ही गोष्ट तेव्हापासून मनातून जात नाही.

तेथील विद्यार्थ्यांचा हात नेमका कसा तयार करून घेतात, हे मला जाणून घ्यायचे आहे. त्यातले काही येथे राहून शिकता येईल का? दुसऱ्या एका शहरात शनिवार-रविवारी दोन दिवसांचे शिबिर आहे आणि शेवटी प्रमाणपत्र मिळते. तेथे जावे का? आजीचे म्हणणे असे की, यासाठी परदेशाकडे पाहण्याची गरज नाही, आपल्या बडोद्यात हाडे बसवणाऱ्या प्रो. माणिकरावांच्या आखाड्यात हे ज्ञान होतेच.

उत्तर: मूळचे बडोदेकर, सध्या मिशिगन

मी डी.ओ. (डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन) पदवी घेऊन येथे कुटुंबवैद्य म्हणून काम करतो. आपल्या आजींचे म्हणणे मला महत्त्वाचे वाटते. या शास्त्राचे प्रवर्तक अँड्र्यू टेलर स्टिल हेही काही काळ स्वतःला हाड बसवणारा म्हणवून घेत गावोगाव फिरत होते. 1864 मध्ये त्यांची तीन मुले मेंदूज्वराने गेली आणि त्या काळच्या औषधांवरचा त्यांचा विश्वास उडाला. 1874 मध्ये त्यांनी आपला विचार जाहीर केला आणि 1892 मध्ये मिसुरीतील कर्क्सव्हिल येथे पहिली शाळा काढली. म्हणजे हाडवैद्याच्या हातातील कसब आणि वैद्यकाचे शिक्षण यांना एकत्र आणण्यापासूनच या शास्त्राची सुरुवात झाली. आज अमेरिकेतील डी.ओ. हा औषधे लिहून देणारा, शस्त्रक्रिया करणारा पूर्ण परवानाधारक डॉक्टर असतो. इतर वैद्यकीय अभ्यासक्रमाखेरीज सुमारे 200 तासांचे हस्तोपचारांचे शिक्षण त्याला घ्यावे लागते आणि त्यातील बहुतेक पहिल्या दोन वर्षांत होते.

हे तास टेबलाभोवती जातात. विद्यार्थी जोडीजोडीने एकमेकांवर सराव करतात. एक जण डॉक्टर होतो, दुसरा रुग्ण, आणि मग अदलाबदल होते. सुरुवातीचे काही आठवडे उपचार शिकवतच नाहीत, फक्त हाडांच्या खुणा शोधायला लावतात. श्रोणीच्या कडांवरून चौथ्या कंबरमणक्याची पातळी काढणे, खांदाफलकाच्या खालच्या टोकावरून सातवा पाठमणका मोजणे, हे डोळे मिटून आणि पुन्हा पुन्हा करून घेतात. त्यानंतर चार गोष्टी तपासायला शिकवतात: त्या जागच्या ऊतींचा पोत बदलला आहे का, दोन्ही बाजू सारख्या आहेत का, सांधा कोठे अडतो आणि दाबल्यावर दुखते का. आपण आजींच्या मानेत बहुधा फक्त पोत शोधत होता, आणि नवख्या हाताला सर्वांत उशिरा कळते ते तेच.

माझ्या हाताला समज आली ती शिक्षकाने माझ्या बोटांवर स्वतःची बोटे ठेवल्यामुळे. मी फार जोर लावत होतो. त्यांनी माझा दाब निम्म्याहून कमी करायला लावला आणि त्या क्षणी खालचा घट्ट पट्टा जाणवू लागला. हे पुस्तकातून कधीच मिळाले नसते. दुसरे शिक्षण रुग्ण होऊन झोपल्यावर झाले, कारण कोणाचा हात आश्वासक वाटतो आणि कोणाच्या हाताखाली अंग आपोआप आखडते, हे स्वतःच्या पाठीवरच समजते.

उपचारांत आम्ही सर्वाधिक वापरतो ती स्नायुशक्तीची पद्धत. सांधा जेथे अडतो त्या सीमेपर्यंत न्यायचा, रुग्णाला तीन ते पाच सेकंद उलट दिशेने अगदी हलका जोर लावायला सांगायचा, आपण हात स्थिर ठेवायचा. तो सैल सोडतो तेव्हा सीमा थोडी पुढे सरकते. असे तीन ते पाच वेळा करायचे. लॉरेन्स जोन्स यांच्या पद्धतीत दुखरा बिंदू शोधून, तो शांत होईल अशा स्थितीत शरीर 90 सेकंद धरून ठेवतात. लोकांना ठाऊक असते ती मणका कट्कन वाजवण्याची क्रिया, पण ती यातील एक लहानसा भाग आहे. कवटीच्या हाडांच्या सूक्ष्म हालचालींवर आधारलेली एक शाखाही शिकवली जाते. तिचा शास्त्रीय आधार मला पुरेसा वाटत नाही आणि मी ती वापरत नाही.

उत्तर: निवृत्त अस्थिरोगतज्ज्ञ, रावपुरा

तुमची तळमळ पाहून आनंद झाला. मी मात्र दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण पस्तीस वर्षांत पाठदुखीचे जे रुग्ण पाहिले त्यांतील काही चेहरे अजून डोळ्यांसमोर आहेत. विशीतला एक मुलगा आला होता. त्याला संध्याकाळी बारीक ताप यायचा, वजन उतरले होते आणि पाठीच्या एकाच मणक्यावर दाबले की दुखायचे. त्याआधी कोणीतरी दोनदा त्याची पाठ ‘मोकळी’ करून दिली होती. त्याला मणक्याचा क्षय होता आणि पायांतली शक्ती कमी होऊ लागली होती. औषधांनी तो बरा झाला, पण ते दोन झटके त्याला पूर्ण अधू करू शकले असते. अमेरिकेतील पाठ्यपुस्तकात क्षयाचा उल्लेख एखाद्या ओळीत येत असेल. आपल्या देशात मणक्यावर हात ठेवण्यापूर्वी पहिला प्रश्न तोच असला पाहिजे. हाडांचा ठिसूळपणा, कर्करोगाचा प्रसार, संधिवातात सैल झालेला मानेचा वरचा सांधा आणि लघवीवरचा ताबा सुटणे हेही तितक्याच काटेकोरपणे विचारले पाहिजे.

परिणामांविषयीही अपेक्षा माफक ठेवा. 1999 मध्ये अमेरिकेत काही आठवडे टिकलेल्या कंबरदुखीवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ऑस्टिओपॅथिक उपचार आणि नेहमीचे उपचार या दोन्ही गटांना सारखाच आराम पडला, मात्र हस्तोपचार घेणाऱ्यांना औषधे कमी लागली. 2021 मध्ये फ्रान्समध्ये 400 रुग्णांवर खऱ्या आणि दिखाऊ उपचारांची तुलना झाली, तेव्हा खऱ्या उपचारांचा फायदा दिसला, पण तो रुग्णाच्या दैनंदिन जीवनात जाणवेल इतका मोठा असण्याची शक्यता कमी होती. म्हणून हे शास्त्र निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. कमी औषधांत तितकाच आराम ही आपल्याकडच्या वृद्ध रुग्णांसाठी मोलाची गोष्ट आहे.

शिबिराला जाऊ नका, असे स्पष्ट सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये ऑस्टिओपॅथीच्या शिक्षणाचे निकष प्रसिद्ध केले. वैद्यकाचे पूर्वशिक्षण नसलेल्या नवशिक्यासाठी 4200 तास आणि त्यांत किमान 1000 तास देखरेखीखालील रुग्णोपचार, असा त्यांचा आग्रह आहे. दोन दिवसांत प्रमाणपत्र मिळेल. हात तयार होणार नाही.

उत्तर: फिजिओथेरपिस्ट, करेलीबाग

सरांच्या मताशी मी सहमत आहे; फक्त येथे काय करता येईल ते सांगते. आपल्या रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात परवानगी घेऊन आठवड्यातून एक दुपार बसा. ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलंड यांनी सांध्याला द्यायच्या हालचालीच्या पायऱ्या ठरवून दिल्या आहेत आणि त्या आम्ही रोज वापरतो. नाव वेगळे असले तरी हाताचे शिक्षण बरेचसे तेच आहे. तुमच्या अभ्यासक्रमातही 2019 पासून दाखवणे, निरीक्षण, साहाय्य आणि प्रत्यक्ष कृती अशी शिकवण्याची रीत आली आहे. तिचा आधार घेऊन तुम्ही विभागप्रमुखांना रीतसर अर्ज करू शकता.

घरी करण्यासारखा एक जुना सराव आहे. डोक्याचा एक केस वहीच्या पानाखाली ठेवा आणि डोळे मिटून बोटाने त्याची दिशा शोधा. जमले की वर आणखी एक पान ठेवा. दाबाचा अंदाज येण्यासाठी वजनकाट्यावर तळहात ठेवून, न पाहता दोन किलो, मग चार किलो दाब देण्याचा प्रयत्न करा. आम्हीही असेच शिकलो. आणि एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करायला हवी: सांधा कोठे अडतो यावर दोन अनुभवी तपासनिसांचेही पुष्कळदा एकमत होत नाही, दुखरी जागा शोधण्यात ते अधिक होते. त्यामुळे तुम्हाला फरक जाणवला नाही, यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. शिबिराचा विचार सोडला आहे. सहा मैत्रिणी मिळून आठवड्यातून दोनदा वसतिगृहात एकमेकींवर सराव करावा असे ठरते आहे, सध्या फक्त हाडांच्या खुणा आणि स्नायूंचा पोत. आमच्यापैकी एकीला पाठीला हात लावलेला आवडत नाही. तिला कसे सामावून घ्यावे?

उत्तर: मूळचे बडोदेकर, सध्या मिशिगन

तिला कारण विचारू नका. आमच्याकडे प्रत्येक सत्राच्या आधी जोडीदाराला विचारावे लागते आणि मध्येच ‘थांब’ म्हटले की हात उचलावा लागतो. त्याचा खुलासा कोणी मागत नाही. तिला मनगट, कोपर आणि घोटा यांपासून सुरुवात करू द्या. तेथेही पोत, सीमा आणि दुखरेपणा सगळे शिकता येते. मानेला मात्र, शिक्षक शेजारी उभे असल्याशिवाय, कोणीही झटका देऊ नये.

प्रश्नकर्ती

समजले. विभागप्रमुखांना अर्ज सोमवारी देते. काल वहीच्या दोन पानांखालचा केस सापडला. तिसऱ्या पानाखाली अजून सापडत नाही.