माइकशिवाय ऐकलेलं गाणं: तुमचे अनुभव

खर्ज: काल शेजारी कुणीतरी तंबोरा जुळवत होतं. ती जवारी, तारांची ती गुंजणारी झणकार, ऐकली आणि एक जुनी घरगुती बैठक आठवली. माइक नव्हता, बाईंचा श्वाससुद्धा ऐकू यायचा. पुढे त्यांनाच मोठ्या सभागृहात ऐकलं. गाणं तितकंच सुरेख, पण बाई समोर आणि आवाज डोक्यावरच्या स्पीकरमधून! शेवटी डोळे मिटून घेतले. तुम्ही काय ऐकलंय? लिहा.

तिरकिट: डग्गा!! माइकवर नुसता धप्प धप्प करून टाकतात. बैठकीत घिस्सा (डग्ग्यावर तळहात घासून काढलेला सूर) ऐकू येतो, हात कुठे दाबला तेही कळतं. आणि गाणं दबू नये म्हणून तबलजी आपसूक हलका वाजवतो.

सांजवेळ: अगदी! सारंगीवर लिहायचंय, पण बाळ उठलं. येतेच.

भटका: ऑपेरा ऐकलाय कुणी? समोर अख्खा ऑर्केस्ट्रा, माइक नाही, तरी गळा वर तरंगतो. ऑर्केस्ट्राचा जोर ५०० हर्ट्झच्या आसपास असतो, हे गायक ३००० च्या आसपास आवाजाला धार आणतात. आपला कान तिथेच तीक्ष्ण. अंगावर काटा आला होता.

फेडर: साउंडचं काम करतो, म्हणून माइकची बाजू मांडतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. मागच्यांनी काय ऐकायचं? ३४ मीटरला आवाज साधारण १०० मिलिसेकंदांनी पोचतो. मागच्या स्पीकरला त्याहून किंचित जास्त उशीर दिला, की कान दिशा मंचाचीच धरतो. खर्ज, तुमच्याकडे हे केलेलं नसणार.

खर्ज: हे माहीत नव्हतं, छान सांगितलंत.

ओवी: बाबांना कमी ऐकू येतं. बैठकीत त्यांना काहीच मिळत नाही. लूप (श्रवणयंत्रासाठी बसवलेलं तारेचं वेटोळं) असलेल्या सभागृहात यंत्र ‘टी’वर टाकलं की माइकचा आवाज थेट कानात. त्या दिवशी ताल धरून बसले होते. माझ्यासाठी माइकच मोठा.

तिरकिट: वा ओवी, किती छान वाटलं वाचून.

भटका: ओवी, यंत्रात संगीताचा वेगळा प्रोग्रॅम आहे का बघा. बोलण्यासाठीचा असेल तर बासरीचा लांब सूर शिट्टी समजून दाबला जातो.

ओवी: अरे, म्हणूनच बासरी त्यांना तुटक ऐकू येते! उद्याच विचारते.