झाडं लावून झाली, आता फ्रीझरकडे बघायचं का?

फ्यूज:
विद्यापीठात दरवर्षी पाच जूनला वृक्षारोपण होतं. खड्डे तेच, रोपं नवी, पाहुणे नवे. पाणी कोण घालणार हे कधी ठरत नाही. आणि वीज खाणाऱ्या प्रयोगशाळांकडे कुणी फिरकत नाही. नमुने साठवायचे उणे ८० अंशांचे फ्रीझर उणे ७०वर आणले तरी त्यांची वीज सुमारे ३० टक्क्यांनी वाचते. फ्यूम हूड, म्हणजे घातक वाफा ओढून घेणारी सरकत्या काचेची कपाटं, तर वातानुकूलित हवा दिवसरात्र बाहेर फेकत असतात. काच खाली ओढायला काय जातं?

खारूताई:
झाडांवर राग कशाला? पहिल्या वर्षाच्या पोरांच्या हातात फ्रीझरची किल्ली नसते, कुदळ असते. सवय तिथूनच लागते.

फ्यूज:
सवय फोटोची लागते. इंडोनेशिया विद्यापीठाने २०१०मध्ये सुरू केलेल्या ग्रीनमेट्रिक या विद्यापीठांच्या पर्यावरणविषयक क्रमवारीत अनेक वर्षं सर्वाधिक म्हणजे २१ टक्के गुणभार ऊर्जा आणि हवामान बदलाला राहिला आहे. अर्थात माहिती विद्यापीठंच भरतात, म्हणून तिच्यावरही माझा फार जीव नाही.

काचपात्र:
मी प्रयोगशाळेतलाच. काच ओढून वीज वाचते ती हवेचा प्रवाह आपोआप कमी करणाऱ्या हूडमध्ये. जुन्या हूडचा पंखा एकाच वेगाने फिरतो, काच वर असो की खाली. तरी ओढावी, पण ती तुमच्या फुप्फुसांसाठी. आणि उणे ७०वर ठेवल्यावर वीज गेली, तर हाताशी वेळ कमी उरतो. दहा वर्षांचे नमुने वितळले तर तुम्ही येणार का भरून द्यायला?

फ्यूज:
हूडचं मान्य, मला ठाऊक नव्हतं. नमुन्यांचं नाही. त्या फ्रीझरमधले निम्मे डबे कुणाचे आहेत ते तरी सांगता येईल?

काचपात्र:
इथे पकडलंत. पीएचडी करून गेलेल्यांचे डबे आहेत, लेबलं पुसलेली. टाकायची हिंमत कुणात नाही. तापमानावर भांडण्याआधी डब्यांची यादी करा, एखादा फ्रीझर बंदच करता येईल.

खारूताई:
यादी करणार कोण? बिल विद्यापीठ भरतं, विभागाला आकडासुद्धा दिसत नाही. प्रत्येक विभागाला वेगळा मीटर लावा, मग बघा डबे कसे भराभर निघतात ते. आणि झाडं आम्ही लावणारच. यंदा पाण्याच्या पाळ्या लावल्यात, फ्यूज, तुमचा वार गुरुवार.