बरे झालेल्या माजी सैनिकावर दुसऱ्या माजी सैनिकाची जबाबदारी सोपवावी का?

पायवाट (धागाकर्ता)

युद्धावरून परतल्यावर ज्यांचे मन खचले, ज्यांनी उपचार घेतले आणि जे पुन्हा सावरले, अशा माजी सैनिकांना इतर माजी सैनिकांच्या मानसिक उपचारांत अधिकृत व सवेतन स्थान द्यावे की नाही, हा या धाग्याचा विषय आहे. माझे मत असे की ते द्यावे, आणि ते उपकार म्हणून नव्हे तर उपचारांचा आवश्यक भाग म्हणून द्यावे.

अमेरिकेतील इतिहास पाहिला तर ही कल्पना रुग्णालयांनी शोधलेली नाही, ती सैनिकांकडून आली. १९७० सालच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये व्हिएतनामहून परतलेले सैनिक आपसांत बोलण्यासाठी एकत्र बसू लागले आणि रॉबर्ट जे लिफ्टन व हाइम शाटन हे मनोविकारतज्ज्ञ त्यांच्या निमंत्रणावरून त्या गटांत सामील झाले. पीटीएसडी (भीषण आघातानंतर टिकून राहणारा मानसिक विकार) हे निदान अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत आले ते त्यानंतर, १९८० साली. म्हणजे वैद्यकशास्त्राने या दुःखाला नाव देण्यापूर्वी जवळजवळ दहा वर्षे सैनिक एकमेकांना सावरत होते. १९७९ मध्ये अमेरिकी काँग्रेसने रुग्णालयांपासून वेगळी, वस्तीत उघडलेली ‘व्हेट सेंटर्स’ म्हणजे माजी सैनिकांसाठीची समुपदेशन केंद्रे मंजूर केली. २००८ च्या कायद्याने ‘पीअर स्पेशालिस्ट’ म्हणजे अनुभवी साथीदार या पदाची पात्रता ठरवली: उमेदवार स्वतः माजी सैनिक हवा, मानसिक आजारातून सावरलेला किंवा सावरत असलेला हवा आणि त्याने प्रमाणित प्रशिक्षण घेतलेले हवे. ऑगस्ट २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी माजी सैनिक विभागाला अशा ८०० जणांची भरती २०१३ अखेरपर्यंत करण्याचा आदेश दिला.

याची गरज का भासली? २०२२ या एका वर्षात अमेरिकेत ६,४०७ माजी सैनिकांनी आत्महत्या केल्याची अधिकृत नोंद आहे, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक जण नजीकच्या काळात माजी सैनिक विभागाच्या आरोग्यसेवेकडे गेलेलेच नव्हते. उत्तम उपचारपद्धती रुग्णालयात तयार आहे, पण माणूस दारापर्यंत येत नाही, ही खरी अडचण आहे. आणि जो येतो तोही बोलताना समोरच्याचा अंदाज घेत असतो: मी काय केले हे सांगितले तर या व्यक्तीला ते ऐकवेल का, आणि ऐकल्यावर ती माझ्याकडे त्याच नजरेने पाहील का? भीतीबद्दल बोलणे त्या मानाने सोपे असते. स्वतःच्या हातून जे घडले त्याबद्दल बोलणे फार कठीण असते. ‘मीही तिथे होतो, मीही असेच काही केले आहे, आणि तरीही आज मी झोपू शकतो’ हे वाक्य कितीही कुशल डॉक्टर असला तरी त्याला उच्चारता येत नाही. त्या वाक्यासाठी पगार देण्याची तयारी समाजाने ठेवलीच पाहिजे.

शांतचित्त

मी मानसोपचाराच्या क्षेत्रात काम करतो आणि धागाकर्त्यांच्या तळमळीचा आदर राखून असहमती नोंदवतो. स्वतः बरे होणे आणि दुसऱ्याला बरे होण्यास मदत करणे ही दोन भिन्न कौशल्ये आहेत. जो माणूस व्यायामाने, प्रार्थनेने किंवा दारू सोडून सावरला, त्याला तोच मार्ग खरा वाटणे स्वाभाविक आहे, आणि त्याच विश्वासाने तो समोरच्याला ‘मला गोळ्यांची गरज पडली नाही’ असे सांगून मोकळा होतो. तेवढ्या एका वाक्याने औषधे बंद करणारे रुग्ण मी पाहिले आहेत.

पुरावा काय सांगतो तेही पाहावे. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात, मानसिक आजार अनुभवलेल्या कर्मचाऱ्यांनी दिलेल्या सेवेचे ११ चाचण्यांतील परिणाम तपासले गेले. व्यावसायिकांनी तीच भूमिका पार पाडल्यास जे परिणाम दिसतात, त्यांच्यापेक्षा हे परिणाम चांगलेही नव्हते आणि वाईटही नव्हते. २०१४ च्या दुसऱ्या एका मोठ्या विश्लेषणात १८ चाचण्या एकत्र केल्या गेल्या. आशा आणि आत्मविश्वास यांवर काही अनुकूल परिणाम दिसला, परंतु लक्षणांवर किंवा रुग्णालयात दाखल होण्यावर ठोस परिणाम आढळला नाही. आशा वाटणे ही मोलाची गोष्ट आहे हे मला मान्य आहे. मात्र रात्री तीन वाजता दचकून जागे होणे त्याने थांबत नाही.

आपल्या क्षेत्राला सदिच्छेची किंमत एकदा मोजावी लागली आहे. आघातानंतर लगेच माणसाला बसवून सगळे बोलायला लावायचे, ही पद्धत विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत जगभर पसरली. बोलल्याने मन हलके होते, मग ती चुकीची कशी असेल, असे सर्वांना वाटे. भाजलेल्या रुग्णांवरील १९९७ च्या एका ब्रिटिश चाचणीत तेरा महिन्यांनी पाहिले तेव्हा, असे एक सत्र मिळालेल्यांपैकी २६ टक्क्यांना पीटीएसडी होता आणि न मिळालेल्यांपैकी ९ टक्क्यांना. युद्धाच्या आठवणींना हात घालणे हे प्रशिक्षित माणसाचे काम आहे, आणि काही आठवड्यांचे प्रमाणपत्र म्हणजे ते प्रशिक्षण नव्हे.

पायवाट

शांतचित्त, तुम्ही दिलेले आकडे बरोबर आहेत. त्यांवरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. ज्या सत्रांचा तुम्ही दाखला दिला, ती घटनेनंतर लगेच घेतलेली एकेकच बैठक होती. मी बोलतो आहे ते परतल्यानंतर कित्येक वर्षांनी, स्वेच्छेने जुळलेल्या आणि महिनोन्महिने टिकणाऱ्या संबंधाबद्दल. पीअर स्पेशालिस्टने आठवणी उकरून काढाव्यात असे कोणी म्हणत नाही. भेटीची वेळ ठरवून देणे, पहिल्या भेटीला सोबत जाणे, उपचार अर्ध्यावर सोडावेसे वाटतात तेव्हा ‘तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मलाही असेच वाटले होते’ असे सांगणे, घरच्यांशी बोलण्याची तयारी करून घेणे, ही त्याची कामे आहेत.

तसेच २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेली ४४१ जणांवरील इंग्लंडमधील चाचणीही विचारात घ्यावी लागेल. तीव्र मानसिक संकटातून बाहेर पडलेल्यांना अनुभवी साथीदाराच्या मदतीने स्वतःची काळजी घेण्याचा आराखडा आखून दिला, तेव्हा वर्षभरात पुन्हा तातडीच्या सेवेत दाखल व्हावे लागलेल्यांचे प्रमाण २९ टक्के होते. ज्यांना केवळ तो आराखड्याचा संच टपालाने पाठवला त्यांच्यात ते ३८ टक्के होते. हे लोक सैनिक नव्हते, हे मी स्वतःच सांगतो. पण ज्या प्रशिक्षित उपचारांची तुम्ही बाजू घेता, त्यांचीही स्थिती पाहा: सैनिकांवरील चाचण्यांचा २०१५ चा आढावा सांगतो की सर्वोत्तम मानल्या जाणाऱ्या दोन उपचारपद्धती घेतल्यानंतरही सुमारे दोनतृतीयांश जणांचे पीटीएसडीचे निदान कायम राहते. त्या दोनतृतीयांश लोकांसोबत नंतर कोण उभे राहते?

ओलांडा

या चर्चेत ‘मीही तिथे होतो’ हे वाक्य जणू प्रत्येकाला दिलासा देते असे गृहीत धरले गेले आहे. मला ते गृहीतक धोकादायक वाटते.

अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाच्या तपासणीत, सेवाकाळात लैंगिक अत्याचार किंवा छळ झाल्याचे सुमारे तीनपैकी एक स्त्री सांगते. पुरुषांतील हे प्रमाण पन्नासांत एक असले तरी पुरुषांची एकूण संख्या फार मोठी असल्याने अशा पुरुषांची संख्याही कमी नाही. या व्यक्तींवर अत्याचार करणाऱ्याच्या अंगावर बहुधा शत्रूचा गणवेश नव्हता, त्यांच्याच सैन्याचा होता. अशा स्त्रीसमोर तुम्ही बंधुभावाने भारलेला, तीच भाषा, तेच विनोद आणि तीच देहबोली घेऊन आलेला माजी सैनिक बसवता आणि तिला मोकळे वाटेल अशी अपेक्षा ठेवता. तिला कदाचित सैन्याशी काडीचाही संबंध नसलेली समुपदेशक हवी असेल, आणि तसे म्हटल्यास ती कृतघ्न ठरू नये.

दुसरे असे की सैनिकांमध्येही दुःखाची एक उतरंड असते. प्रत्यक्ष चकमकीत होता तो वर, रसद पोहोचवणारा त्याखाली, हजारो मैलांवरून पडद्यावर लक्ष्य पाहणारा त्याहून खाली. ‘माझे दुःख त्याच्यापुढे काहीच नाही’ असे म्हणून गप्प बसलेली माणसे सोबत्यांच्या गटातच अधिक गप्प होतात. माझा पीअर स्पेशालिस्टला सरसकट विरोध नाही. तो आपोआप नेमला जाऊ नये, व्यक्तीने निवडलेला असावा आणि नाकारण्याची सोय पहिल्याच भेटीत स्पष्टपणे सांगितली जावी, एवढा माझा आग्रह आहे.

उंबरठा

मी येथे वेगळ्या नात्याने लिहीत आहे. माझे वडील सैन्यातून निवृत्त झाल्यावर बरीच वर्षे आजारी होते. सावरल्यावर ते एका संस्थेच्या मदतगटात इतरांना धीर देण्याचे काम करू लागले. सुरुवातीला त्यांच्यात झालेला बदल पाहून घरातील सर्वांना आनंद झाला, कारण आपल्या सोसण्याचा कोणाला तरी उपयोग होतो आहे ही भावना त्यांना कोणत्याही औषधाने दिली नव्हती. पुढे मात्र त्यांचा फोन कधीच बंद होईना. गटातील एका तरुणाने जीव दिला, तेव्हा संस्थेने त्याच्या कुटुंबाची विचारपूस केली, गटाची बैठक घेतली, आणि बाबांना ती बैठक चालवायला सांगितली. तुम्हाला कसे वाटते आहे, हे त्यांना कोणी विचारले नाही. ज्याची कहाणी ‘मी बरा झालो’ अशी आहे, त्याला पुन्हा आजारी पडण्याची परवानगी उरत नाही, हे मी घरात पाहिले आहे. त्यांनी औषधे पुन्हा सुरू केली तीही गटापासून लपवून.

म्हणून धागाकर्त्यांना माझा प्रश्न आहे. या पदासाठी पगार मिळावा, हे योग्यच आहे. पण त्या पगारासोबत त्याला किती माणसांची जबाबदारी, किती रजा आणि स्वतःसाठी कोणता आधार मिळणार, हे लिहून ठेवल्याशिवाय त्याला या खुर्चीवर बसवणे मला अन्याय वाटतो.

मधला रस्ता

उंबरठा यांनी लिहिलेले वाचल्यावर ‘साथीदार असावा की नसावा’ यापेक्षा त्याची जागा नेमकी कोठे असावी हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटू लागला आहे. दोन उदाहरणे देतो.

अमेरिकेतील बफेलो येथे न्यायाधीश रॉबर्ट रसेल यांच्यासमोर एक व्हिएतनाम युद्धातील माजी सैनिक आरोपी म्हणून उभा होता आणि कोणत्याच प्रश्नाला धड उत्तर देत नव्हता. न्यायाधीशांनी न्यायालयात काम करणाऱ्या दोन माजी सैनिकांना त्याच्याशी बाहेर जाऊन बोलायला सांगितले. परत आला तो ताठ उभा राहिला आणि उपचार घेण्याची तयारी त्याने स्वतःहून सांगितली. त्यातून २००८ मध्ये तेथे माजी सैनिकांसाठी वेगळे उपचार-न्यायालय सुरू झाले, ज्यात स्वयंसेवक माजी सैनिक मार्गदर्शक म्हणून सोबत असतात. त्यांना उपचार करायचे नसतात आणि निकालही द्यायचा नसतो, म्हणूनच आरोपी त्यांच्याशी बोलतो.

कॅनडात २००१ मध्ये, स्वतः त्रास भोगलेले लष्करी अधिकारी स्टेफान ग्रेनिये यांच्या पुढाकाराने, संरक्षण आणि माजी सैनिक अशा दोन खात्यांनी मिळून साथीदारांचा कार्यक्रम उभारला. तोही रुग्णालयाचा विभाग म्हणून नव्हे.

याउलट, रुग्णालयातील पीअर स्पेशालिस्ट रुग्णाच्या वैद्यकीय नोंदीत टिपणे लिहितो. मित्र म्हणून सांगितलेली गोष्ट संध्याकाळी संगणकावर नोंदवली जाते, हे कळल्यावर पुढच्या वेळी कोण बोलेल? जिवाला धोका असेल तर कळवलेच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण उरलेल्या नव्वद गोष्टी नोंदीबाहेर राहण्याची हमी नसेल, तर तो साथीदार केवळ कमी पगाराचा समुपदेशक ठरतो.

शांतचित्त

‘कमी पगाराचा समुपदेशक’ हीच माझी मुख्य भीती आहे, आणि ती दुसऱ्या कोणी तरी मांडली हे बरे झाले. मनोविकारतज्ज्ञांची पदे रिकामी असताना साथीदारांची भरती वाढणे, हे सक्षमीकरण म्हणून सादर केले जाईल आणि अंदाजपत्रकात बचत म्हणून नोंदवले जाईल.

तरीही नेमणूक करायचीच असेल, तर माझी एक अट आहे: उमेदवार किमान दोन वर्षे स्थिर असल्याचे त्याच्यावर उपचार न करणाऱ्या तज्ज्ञाने प्रमाणित करावे, आणि ही तपासणी दरवर्षी व्हावी. उंबरठा यांच्या वडिलांसोबत जे घडले, ते अशा तपासणीत वेळीच लक्षात आले असते.

पायवाट

ओलांडा यांची निवडीची अट आणि उंबरठा यांनी मागितलेली लेखी हमी या दोन्ही गोष्टी मी माझ्या मागणीचाच भाग समजतो. त्या नसतील तर हे पद निर्माण करू नये. नोंदींबाबत मी मधला रस्ता यांच्याशी अर्धा सहमत आहे: साथीदाराने भेट झाली एवढेच नोंदवावे, तपशील लिहू नये. मात्र तो रुग्णालयाबाहेरच असावा हे मला पटत नाही, कारण उपचार मध्येच सोडून जाणारा माणूस ज्या दारातून बाहेर पडतो, त्या दारापाशी कोणी तरी असणे आवश्यक आहे.

शांतचित्त यांची वार्षिक तपासणी मात्र मला अजिबात मान्य नाही. सैन्यात असताना याच माणसांनी आपला त्रास का लपवला, याचा विचार करा. खरे सांगितले तर तंदुरुस्तीचा शेरा बदलेल, तुकडी सुटेल, बढती जाईल, हे त्यांना ठाऊक होते. आता पुन्हा त्याच माणसाला दरवर्षी एका टेबलासमोर उभे करून, तू अजून ठीक आहेस हे सिद्ध कर नाहीतर तुझे काम जाईल, असे सांगितले तर तो पुन्हा तेच करेल. उंबरठा यांच्या वडिलांनी औषधे गटापासून लपवली. तुमच्या पद्धतीत त्यांनी ती तपासनिसापासूनही लपवली असती. त्याऐवजी त्याला पुन्हा त्रास झाल्यास पगारी रजा, परतल्यावर तेच पद, आणि तोपर्यंत त्याच्या माणसांना सांभाळणारा दुसरा साथीदार आधीपासून नेमलेला, एवढी व्यवस्था करा. मग तो स्वतःहून येऊन सांगेल.

शांतचित्त

आणि तो स्वतःहून सांगेपर्यंत त्याच्याकडे सोपवलेल्या माणसाचे काय होईल, याचे उत्तर तुमच्या व्यवस्थेत मला अजून दिसत नाही. त्या माणसाने साथीदार निवडला असेल. साथीदाराचा आजार त्याने निवडलेला नाही. तपासणी कोणी आणि कशी करावी यावर मी बोलायला तयार आहे, ती नोकरीशी जोडू नये हेही विचारात घेईन, पण ती असूच नये हे मी मान्य करणार नाही.