शाळेत आईने दिवसभर बसायचं, हा कुठला समावेश?

खाडीपलीकडची

चार दिवस डोक्यातून जात नाही म्हणून लिहिते. माझा भाचा आठ वर्षांचा, तिसरीत. राजापूर तालुक्यात खाडीकाठच्या वाडीत राहतो. सेरेब्रल पाल्सी आहे. पाढे माझ्यापेक्षा भरभर म्हणतो, पण पाय आणि डावा हात ऐकत नाहीत. शाळेने प्रवेश नाकारला नाही, हे आधीच सांगते. फक्त पहिल्या दिवशी तोंडी सांगितलं, "आई सोबत बसली तर बरं."

त्या 'बरं'ला आता तिसरं वर्ष लागलं. ताई पोराला कडेवर घेऊन पाखाडीच्या चौऱ्याऐंशी पायऱ्या उतरते (मोजल्यात मी) आणि शाळा सुटेपर्यंत व्हरांड्यात बसते. पावसात जांभ्यावर शेवाळ धरतं, तेव्हा चप्पल हातात आणि पोर कडेवर. शिबिरात मिळालेली चाकाची खुर्ची पडवीत उभी आहे, तिच्यावर सुपारीचं पोतं. ती पाखाडीवरून न्यायची कशी? ताई काजूच्या कारखान्यात जायची, ते सुटलं. भावजी मुंबईत, गणपतीला आणि शिमग्याला येणार.

माझं म्हणणं एवढंच: आईला बसवून ठेवणं म्हणजे शाळेने हात झटकणं. वरून सगळे म्हणतात, "किती करते हो माऊली!" मला त्या कौतुकाचाच राग येतो.

दोनशिक्षकी

ताई, राग कळतो, पण दुसरी बाजू ऐका. मी जिल्हा परिषद शाळेवर आहे. पहिली ते पाचवी, पट एकोणीस, शिक्षक दोन. नियमानेच साठ मुलांपर्यंत दोन. त्यातला एक माहिती भरायला नाहीतर केंद्राच्या बैठकीला. उरलेल्याने पाच वर्ग सांभाळायचे, पोषण आहाराचं बघायचं, आणि बावीस किलोच्या मुलाला उचलून शौचालयात न्यायचं? माझं वय चोपन्न, कंबरेत पट्टा. आणि ते मूल मुलगी असेल तर मी पुरुष शिक्षकाने काय करायचं? उद्या कुणी बोट दाखवलं तर बाजूने उभं राहणारं कोण?

आमच्याकडेही एक आई येते. तिच्यामुळेच ते पोर शाळेत आहे. ती उठली तर पोर घरी बसेल. तत्त्वासाठी एवढी किंमत द्यायची का?

खाडीपलीकडची

गुरुजी, किंमत आत्ताही कुणीतरी देतंयच. फक्त ती ताई देते म्हणून दिसत नाही. दिव्यांग हक्कांचा २०१६ चा कायदा आहे. मुलाला लागेल तशी व्यक्तिगत मदत शाळेने करायची, ने-आणीची सोय करायची, आणि जास्त आधार लागणाऱ्या मुलाच्या मदतनिसाचीही, असं त्यात लिहिलंय. 'आईने बसावं' असं कुठे लिहिलंय?

दोनशिक्षकी

लिहिलेलं मलाही वाचता येतं. माणूस कुठाय ते सांगा.

लालबाग ते लांजा

मी पडलो मुंबईकर, रागावू नका. पण जिथे पाखाडीच उतरता येत नाही तिथे अट्टाहास कशाला? रत्नागिरीला किंवा कोल्हापूरला वसतिगृहाची विशेष शाळा बघा. फिजिओथेरपी मिळेल, आईही कामाला मोकळी. नाहीतर घरी शिकण्याचा पर्याय आहेच. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीपासून तीव्र आणि बहुविकलांग मुलांसाठी तो आहे.

देवगडचो

खरा सांगतंय, मुंबैत बसान होस्टेल सुचवणा सोप्पा. माज्या भयणीच्या चेडवाक धाडलेला. पयल्या सुट्टेक इला आणि आवशीक जा चिकाटला, ता परत गेलाच नाय.

खाडीपलीकडची

आणि घरचं शिक्षण म्हणजे आमच्याकडे काय होतं ठाऊक आहे? हजेरीत नाव, पडवीत पोर. भाच्याला पाढे येतात ते पोरांच्या घोळक्यात ओरडून येतात. मधल्या सुट्टीत लगोरीचा निकाल तो देतो, आणि त्याचं ऐकतात सगळे. ते पडवीत कुठून आणू?

बोटांची भाषा

मी जन्मापासून ऐकू शकत नाही, म्हणून थोडं वेगळं. सहाव्या वर्षापर्यंत वाडीच्या शाळेत होतो. सगळे प्रेमळ. बाई माझ्या डोक्यावरून हात फिरवायच्या आणि मी फळ्यावरचं उतरवून काढायचो. वही सुंदर, अर्थ शून्य. घरात खुणा तीनच: जेव, ये, मार मिळेल. मग मला कर्णबधिरांच्या निवासी शाळेत घातलं. महिनाभर रडलो. पण तिथे मला पहिल्यांदा भाषा मिळाली. 'काल' आणि 'उद्या' यातला फरक मी सातव्या वर्षी खुणांतून शिकलो.

म्हणून 'शेजारचीच शाळा, विशेष शाळा नकोच' असं कुणी म्हटलं की मी अडतो. त्या २०१६ च्याच कायद्यात अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण आहे, शेजारच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, निवड आपली. दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार धरलेत, सगळ्यांना एकच सदरा कसा बसेल?

खाडीपलीकडची

दादा, हे मला सुचलंच नव्हतं. तुमच्या बाबतीत मान्य. पण भाच्याची भाषा वर्गात आहेच. त्याला अडवतात त्या पायऱ्या आणि शौचालय.

फिरती बाई

शौचालयाचं नाव निघालं म्हणून लिहिते. मी तालुक्यात फिरणारी विशेष शिक्षिका, कंत्राटी. एका शाळेत माझी पाळी आठवड्यातून एकदा आली तर नशीब, आणि पावसात साकव पाण्याखाली गेला की तेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्रमाण सांगितलंय: प्राथमिकला दहा विशेष मुलांमागे एक विशेष शिक्षक, पुढे पंधरांमागे एक. ते वाचून मी हसले, मग पुढच्या शाळेची एसटी पकडली.

मी बघते ते असं. रॅम्प सगळीकडे आहे, कारण रॅम्पचा फोटो निघतो. आपल्याकडे पावसामुळे जोतं अडीच फूट. एकास बारा उतार धरला तर रॅम्प तीस फूट लांब हवा. असतो दहा-बारा फूट, म्हणजे घसरगुंडीच. शौचालयाला दोन पायऱ्या, आत भारतीय बैठक, धरायला दांडा नाही. म्हणून आई लागते. कमोड, दांडा आणि चाक आत वळेल एवढी जागा द्या, मग आईला बोलावण्याचं निम्मं कारण उरत नाही.

उरलेल्या निम्म्याबद्दल गुरुजींशी मी सहमत आहे, माणूस हवाच. मदतनीस भत्ता आहे, पण हातात पडेपर्यंत वर्ष सरतं आणि पडतो तो आईच्याच खात्यात. कारण अर्जात मदतनीस म्हणून आपण आईचंच नाव घालतो. मीही घातलंय, लपवत नाही.

दोनशिक्षकी

हे टोचलं. आमच्या शाळेचे अर्ज मीच भरलेत.

तरी एक विचारतो. वाडीतली दुसरी बाई त्या पैशात येईल? माझ्या अंदाजाने नाही. ग्रामपंचायतीने दिव्यांगांसाठी पाच टक्के निधी ठेवायचा असतो, त्यातून भर घालता येईल का? आमच्याकडे तो बहुतेक घरोघर वाटून संपतो.

लालबाग ते लांजा

म्हणजे शेवटी गावच्याच खिशात हात. त्यापेक्षा वाडीच्या मंडळाकडे मागा. पालखीला लाखाच्या वर जमतात, मीच पावत्या फाडतो.

देवगडचो

आता कसा बोललास! पाखाडीक लोखंडी कठडो पण घालून घे त्येतूनच.

खाडीपलीकडची

वर्गणी नको. वर्गणी म्हणजे पुन्हा "माऊली किती करते" आणि वर आभाराची पाटी. पण शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात, तिथून ग्रामसभेला ठराव जाऊ शकतो. गुरुजी, मसुदा लिहून द्याल?

दोनशिक्षकी

देतो. कमोड आणि दांडा पहिल्या ओळीत. पण मदतनीस मिळेपर्यंत आई आली तर तिला येऊ नका म्हणणार नाही मी. आणि तिला व्हरांड्यात नाही, खुर्चीवर बसवीन.

खाडीपलीकडची

तुमचं माझं इथेच पटत नाही, ती खुर्चीच मला नको आहे. असो. आत्ता ताईला फोन केला, सगळं वाचून दाखवलं. शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "कारखान्यात आता बायका घेतायत का, ते आधी विचार."